तुरियाल्बाला जायचे रस्ते

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५. रिग्गई, कुवेत

ही डायरी कंपनीनं जानेवारीत दिली होती. आठ महिने कपाटात कोरी पडून होती. आज काढली ती हौस म्हणून नव्हे. एक मार्ग लावायचाय, आणि मार्ग लावताना सगळं लिहून ठेवायचं ही माझी बावीस वर्षांची सवय. शुवैख बंदराजवळ आमचं ऑफिस. लोकांचा माल कुवेतहून जगात कुठंही पाठवायचा आणि त्याचे कागद जुळवायचे, हेच काम. माणूस पहिल्यांदाच पाठवतोय.

माणूस म्हणजे आमच्या सौभाग्यवती शुभदा. आज आमटी वाढता वाढता तिनं जाहीर केलं, की ती अक्षराकडे जाणार. अक्षरा आमची एकुलती एक. ती असते कोस्टा रिकात, तुरियाल्बा नावाच्या गावी. तिथं कॉफीच्या झाडांच्या रोगांवर संशोधन करते. तिला सातवा लागलाय, डॉक्टरांनी वीस नोव्हेंबर ही तारीख दिलीय. शुभदाचं म्हणणं, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं. मुलीला आता विमानात बसता येत नसेल, तर माहेरानं उठून तिकडे जायचं. मी म्हटलं, जा. मार्ग मी काढून देतो. मी येणार नाही हे तिला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगितलं.

कारण इथं लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात अक्षराचा फोन आला, की तिनं तिथल्याच एस्तेबान नावाच्या मुलाशी लग्न केलं. केलं म्हणजे करून झालं होतं, अकरा दिवसांपूर्वी. मुलगा परका आहे याचं मला काही नाही. चिपळूण सोडून वाळवंटात संसार मांडलेल्या माणसानं परकं कोणाला म्हणावं? पण अकरा दिवस? मी ‘शुभेच्छा’ एवढंच म्हटलं आणि फोन शुभदाच्या हातात दिला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. ती रोज संध्याकाळी सहाला फोन करते, तिथं तेव्हा सकाळचे नऊ असतात. शुभदा फोन स्पीकरवर ठेवते. मी तिथंच बसलेला असतो, कारण घरात वायफाय त्याच कोपऱ्यात नीट येतं.

रविवार, ७ सप्टेंबर

ऑफिसात भिंतीवर जगाचा नकाशा आहे. पनामा कालव्यातून मी आजवर शेकड्यानं कंटेनर पाठवले असतील. त्याच्या शेजारचा कोस्टा रिका नकाशात कोणत्या रंगाचा आहे, हे मात्र आज पहिल्यांदा पाहिलं. हिरवा आहे.

थेट विमान नाही, हे उघडच होतं. अमेरिकेतून जाणं सोयीचं, पण तिथं नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, आणि त्याच्या मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत नातवंड रांगायला लागेल. युरोपातून जावं, तर कुठल्या विमानतळावर आपला पासपोर्ट चालतो आणि कुठं अडवतात याची वेगळी पोथी वाचावी लागते. मेक्सिकोतून जावं तर मेक्सिकोचा व्हिसा. उरलं इस्तंबूल. तिथून एक विमान कोलंबियातल्या बोगोटाला टेकून पनामाला जातं. पनामाहून कोस्टा रिकाची राजधानी सान होसे, विमानानं सव्वा तास, नाहीतर बसनं सोळा तास. सान होसेहून डोंगरातून तुरियाल्बा, गाडीनं दोन तास.

हे सगळं शुभदाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, बसनं जाईन. फरवानियाच्या बसमध्ये चार स्टॉप उभं राहिलं की जिचे पाय सुजतात, ती सोळा तास बसनं जाणार. म्हटलं, विमान.

बोटीचीही चौकशी करून ठेवली. मालवाहू बोटीवर कधीकधी प्रवासी घेतात. ऑफिसात सगळे हसले. हसोत. रस्ता शोधायचा तर एकही गल्ली सोडायची नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

फरवानियात हारूनकडे गेलो. हारून हा तिकीटवाला, मूळचा हैदराबादचा, बावीस वर्षांत आमची सगळी तिकिटं त्यानंच काढली. कागद पुढं सरकवला तर त्यानं तोंडात पेन धरून दहा मिनिटं वाचला. म्हणाला, दत्ताभाई, मला कामच ठेवलं नाहीत तुम्ही. इस्तंबूलचाच मार्ग बरोबर, फक्त विमान कोलंबियात टेकतं म्हणून पिवळ्या तापाची लस टोचून त्याचं कार्ड जवळ ठेवा. व्हिसाचे कागद इथं घेत नाहीत, शेजारच्या देशातल्या दूतावासाकडे पाठवावे लागतील.

मग त्यानं फॉर्मवर प्रवासी दोन असं लिहिलं. मी म्हटलं, एक. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन खोडून एक केलं. उगाच चांगला फॉर्म खराब केला.

शनिवार, २० सप्टेंबर

आज फाइल पुरी लावली. हिरवी फाइल, कप्प्याकप्प्यांची. अक्षराचं निमंत्रणपत्र, शुभदाचा पासपोर्ट, इकामा म्हणजे इथं राहायचा परवाना, बँकेचं पत्र, अक्षराचा जन्मदाखला, आणि त्याच्यामागे राजपत्रातला नावबदलाचा उतारा. हा उतारा ही माझी दूरदृष्टी. लग्नात आमच्या आईनं ताटात तांदूळ पसरून माझ्या हातून अंगठीनं ‘शुभदा’ लिहवून घेतलं. माहेरची ती सुचित्रा. अक्षरा झाली चिपळूणला शुभदाच्या माहेरी, आणि आमचे सासरे उठले नि नगरपरिषदेत जाऊन आईचं नाव ‘सुचित्रा’ नोंदवून आले. त्यांच्या लेकीचं नाव त्यांच्या दृष्टीनं तेच. म्हणून पासपोर्ट काढताना मी राजपत्रात नावबदल छापून घेतला होता. कागदावर दोन नावं जुळली नाहीत की माल हलत नाही, हे तेव्हापासून जाणतो.

शुभदाला सगळं दाखवलं. तिनं उतारा हातात घेऊन बराच वेळ पाहिला, विचारलं, हा नसता तर काय झालं असतं? म्हटलं, तू अक्षराची आई आहेस हे सिद्धच झालं नसतं. माझं नाव तेवढं सगळीकडे एकच आहे. ती म्हणाली, असं होय. तिला अशा कामात रस घेताना पाहून बरं वाटलं. उद्या सकाळी फाइल हारूनकडे तीच नेऊन देणार आहे, मला बंदरावर काम आहे.

मंगळवार, ३० सप्टेंबर

शुभदाची लस झाली. नर्सनं कुपी फोडली आणि म्हणाली, यात अजून डोस आहेत, दुसरं कोणी नसेल तर वाया जातील. वाया घालवणं माझ्या तत्त्वात बसत नाही, म्हणून मीही टोचून घेतली. डॉक्टरांनी वय विचारलं, एकोणसाठ सांगितलं, म्हणाले चालेल. सुईची मला भीती आहे, हे शुभदानं सगळ्या दवाखान्याला सांगायची काही गरज नव्हती. पिवळी कार्डं दोन मिळाली, तिनंच पर्समध्ये ठेवली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

दुष्काळात तेरावा महिना. दूतावासाचा मेल आला, की जन्मदाखल्यावर आईचं नाव सुचित्रा, अर्जदार शुभदा, नातं सिद्ध होत नाही. पासपोर्टवर पतीचं नाव दत्तप्रसाद आहे हे त्यांना मान्य. पण दत्तप्रसादची बायको ती अक्षराची आईच कशावरून? दुसरी बायकोही असू शकते. हे वाचून शुभदा इतकी हसली, की तिला खुर्चीवर बसावं लागलं. मला हसू आलं नाही. मी विचारलं, उतारा लावला होता तो? हारूनला फोन केला. तो म्हणाला, फाइलमध्ये असा कागद नव्हता.

ऑफिसातून येऊन सगळं घर उलटंपालटं केलं. कपाट पुढं ओढलं, गादीखाली पाहिलं, फ्रिजवरची बिलं चाळली. शुभदा शेजारी बसून मेथी निवडत होती. म्हणाली, गेला असेल कुठंतरी, होतं असं. माझ्या घरात होत नाही असं! बावीस वर्षं जपलेला कागद, बंदराच्या कुठल्याही शिपायानं गहाळ केला असता तर मी त्याला घरी बसवला असता.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

तीन दिवस शोधलं. नाही म्हणजे नाही. चिपळूणला मेहुण्याला विचारलं, जुन्या राजपत्राची प्रत मुंबईहून काढायला महिना-दीड महिना सहज. म्हणजे बारसंही होऊन जायचं.

शुभदा खचलेली नाही, याचंच मला नवल. अळिवाचे लाडू करायला घेतलेत तिनं. मी सांगितलं, त्या देशात बी-बियाणं नेऊ देत नाहीत, तर म्हणाली, अक्षराला विचारलंय, भाजून दळून नेलं तर विचारत नाहीत. जायचंच ठरवून बसलीय बाई. म्हटलं, लाडू जातील, तू कशी जाणार?

संध्याकाळी हारूनकडे गेलो. दोघंही कागदाकडे पाहत बसलो. मग तोच म्हणाला, दत्ताभाई, बाप म्हणून तुमचं नाव दाखल्यावर आहे, पासपोर्टवर तेच आहे. तुम्ही अर्ज करा. भाभी तुमची बायको म्हणून सोबत जाईल, ती तर सिद्धच आहे. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

मी उठलो. फरवानियाहून रिग्गईपर्यंत चालत आलो, ऑक्टोबर असला तरी शर्ट भिजला. हा काय न्याय झाला? मी दोन वर्षं एक शब्द बोललो नाही आणि कागदावर तिचा बाप मीच पक्का. जिनं रोज सहा वाजता फोन घेतला, ती कोणीच नाही.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

ठरवलं. जायचं. रागबिग नंतर, आधी मार्ग. शुभदाला एकटी पाठवता येत नाही, म्हणून मी जाणार, एवढाच अर्थ आहे याचा. तिला सांगितलं तर ‘बरं’ म्हणाली आणि माझा लोकरी स्वेटर उन्हात टाकायला गेली. स्वेटर कपाटातून कधी काढला होता कोण जाणे. तुरियाल्बात सध्या बावीस अंश असतं, पाऊस रोज दुपारी. मी रोज पाहतो, मार्गासाठी पाहावं लागतं. गावावर एक ज्वालामुखी आहे, तो मधूनमधून राख टाकतो. तोही रोज पाहतो.

शनिवार, ११ ऑक्टोबर

निमंत्रणपत्र आता माझ्या नावानं नव्यानं लागणार, म्हणजे अक्षराला सांगावं लागणार. शुभदानं सांगावं असं माझ्या मनात होतं. पण सहाला फोन वाजला तेव्हा ती नेमकी खाली जमियात, म्हणजे सहकारी दुकानात, दही आणायला गेली होती, फोन टेबलावर ठेवून. फ्रिजमध्ये दह्याचे दोन डबे होते, ते मी नंतर पाहिलं. तिच्या अलीकडे काही लक्षात राहत नाही.

फोन वाजत राहिला. उचलला.

“आई?”

“नाही. मी.”

पलीकडे कुठंतरी कोंबडा आरवत होता. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही बरे आहात ना?”

बोलायला लागल्यापासून ती मला अरे-तुरे करत आली. आज ‘तुम्ही’. ते ‘तुम्ही’ मला फार लागलं. मी सरळ कामाचं बोललो. नाव कसं लिहायचं, पासपोर्टचा नंबर, कुठं राहणार, किती दिवस. ती लिहून घेत होती, पेनचा आवाज येत होता. मग विचारलं, “येण्याचं कारण काय लिहू?”

“आईच्या वेळी काय लिहिलं होतंस?”

“बाळंतपणात मदतीसाठी.”

मला बाळंतपणातलं काय कळतं? मी म्हटलं, “मुलीला भेटायला, असं लिही.”

कोंबडा दोनदा आरवला.

“लिहिलं,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मला रडू आलं. लिहून ठेवतो, कारण खोटंच लिहायचं तर डायरी कशाला. शुभदा दही घेऊन आली तेव्हा मी तोंड धुऊन बसलो होतो. तिनं चहा टाकला.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. दुपारी मेल आला, दोघांचे व्हिसा मंजूर. शुभदानं लक्ष्मीपुढं आधी पासपोर्ट ठेवले, मग लक्ष्मीला कुंकू लावलं. मी क्रम चुकल्याचं सांगितलं तर म्हणाली, लक्ष्मीला चालतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आता कुवेतातून बाहेर पडायचं तर कंपनीची परवानगी लागते, मोबाइलवर अर्ज करून. आमच्या ऑफिसातली हिबा ते काम बघते, इजिप्तची आहे, मला वडिलांसारखं मानते आणि तसंच रागावते. तिनं माझी साठलेली रजा उघडून पाहिली आणि विचारलं, इतक्या वर्षांत तुम्ही घरी कोणाला भेटायला जात नव्हतात का? किती दिवस हवेत म्हणाली. मी बारा सांगितले. बाळ तारखेला आलं नाही तर तुम्ही विमानतळावरून टाटा करणार का, असं विचारून तिनं स्वतःच चाळीस घातले. साहेबांनी सही केली. हारूननं सात नोव्हेंबरची तिकिटं काढली. या वेळी फॉर्मवर दोनच लिहिलं आणि माझ्याकडे बघून मिशीत हसला.

रविवार, २ नोव्हेंबर

ज्वालामुखीनं राख टाकली. सान होसेचा विमानतळ बंद होईल का म्हणून दिवसभर पाहत होतो. झालाच, तर पनामात उतरून बस. सोळा तास तर सोळा तास. बसची वेळ, स्टँडचा पत्ता, वाटेतली चौकी, सगळं लिहून खिशात ठेवलंय. शुभदाला म्हटलं, पाय सुजले तर मी चेपून देईन, पण पोचवणार. संध्याकाळी राख थांबली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. इस्तंबूल, विमानतळ

पुढच्या विमानाला चार तास आहेत म्हणून लिहितो. एक गोष्ट घडली ती लिहायलाच हवी.

काउंटरवर पिवळी कार्डं मागितली. शुभदा लाडवांच्या डब्याची पिशवी सांभाळत होती, म्हणून मीच तिची पर्स उघडली. आतल्या चेनच्या कप्प्यात कार्डं होती, आणि कार्डांच्या मागे, रुमालात नीट गुंडाळलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटातला राजपत्राचा उतारा! तोच. मी तिथंच सगळ्यांसमोर म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. जो कागद शोधायला मी कपाट ओढलं, कंबर धरून बसलो, मेहुण्याला मुंबईला पिटाळायच्या बेतात होतो, तो हिच्या पर्समध्ये. शुभदानं तो पाहिला आणि म्हणाली, “अगंबाई, इथं होता होय.” एवढंच. तिला धक्का बसल्याचं काही दिसलं नाही, प्रवासानं दमली असावी.

मी जास्त बोललो नाही. तीस वर्षांत माणसाचा वेंधळेपणा पत्करावाच लागतो. पण अक्षराला हे सांगणार आहे. विमानात काय बोलायचं याची मला दोन दिवस काळजी लागली होती, म्हणजे उतरल्यावर तिच्याशी. सुरुवातीला सांगायला काहीतरी मिळालं.

रविवार, ९ नोव्हेंबर. तुरियाल्बा

पोचलो.

पनामाहूनचं विमान वेळेवर सुटलं, ज्वालामुखी गप्प राहिला, बसचा कागद खिशातच राहिला. सान होसेला खिडकीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं, कशासाठी आलात. इंग्रजीतली दोन वाक्यं मी पाठ केली होती, ती एकदम गेली. ‘मुलगी’ एवढंच निघालं. त्यानं पत्र पाहिलं, शिक्का मारला. शुभदाला काहीच विचारलं नाही.

बाहेर कठड्यापाशी अक्षरा उभी होती. केवढं पोट! चेहरा तोच, शाळेच्या बसमधून उतरायची तेव्हाचा. एस्तेबान तिच्या मागे, उंच, माझ्याहून जास्त घाबरलेला. शुभदा पुढं धावली, मी सामानाची गाडी ढकलत मागे. अक्षरानं आईला सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“आलास?” ती म्हणाली.

मी मान हलवली. मग ती माझ्या गळ्यात पडली, मधे पोट, आणि पोटातून कोणीतरी मला लाथ मारली. मी तिच्या कानात म्हटलं, अकरा दिवस फार होते गं. ती म्हणाली, दोन वर्षंही फार होती, बाबा. बरोबर होतं तिचं.

आज दुपारी पाऊस आला, चौघं व्हरांड्यात बसलो होतो. एस्तेबाननं कॉफी केली, चांगली करतो. लाडवाचा डबा उघडला. मी राजपत्राची गोष्ट सांगायला घेतली. फाइल कशी लावली, कागद कसा गेला, कपाट कसं ओढलं, आणि शेवटी हिच्याच पर्समध्ये, पिवळ्या कार्डांच्या मागे, रुमालात गुंडाळून. अक्षरानं आईकडे पाहिलं. आईनं लाडू तोंडात घातला. आणि दोघी अशा हसत सुटल्या, की अक्षरानं पोट धरलं आणि एस्तेबान घाबरून उभा राहिला.

यात एवढं हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. पण पोर हसत होती. म्हणून मी एस्तेबानसाठी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, ती पुन्हा पहिल्यापासून सांगितली.